ज्याचा आकडा, त्याला दाखवा

गेल्या महिन्यात पणजीत एका परिसंवादाला गेलो होतो. विषय होता उद्योगांतले मनुष्यबळ आणि 'पीपल अ‍ॅनालिटिक्स'. कर्मचाऱ्यांची हजेरी, रजा, पगार, कामाचा वेग, राजीनाम्याची शक्यता हे सगळे संगणकात घालायचे आणि त्यातून जे बाहेर येईल त्यावर भरती, बढती, बदली ठरवायची, असा तो प्रकार. एका तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर महिनावार गैरहजेरीचा तक्ता लावला. 2024 च्या ऑगस्टचा खांब बेताचा, 2025 च्या ऑगस्टचा त्याच्या डोक्यावरून गेलेला. शेजारी सॉफ्टवेअरचा निष्कर्ष: अमुक तालुक्यांतून येणाऱ्या कामगारांची गैरहजेरी वाढती, धोका 'उच्च'. पुढच्या भरतीच्या वेळी याचा विचार करावा लागेल, असे तो सहज बोलून गेला आणि सभागृहात भडका उडाला.

एक बाजू म्हणाली, गोंयकारांना 'सुशेगाद', म्हणजे आळशी, म्हणून हिणवायचे हे नवे यंत्र आहे, माणसाला आकड्यांत मोजताच येत नाही. दुसरी बाजू म्हणाली, आकडे खोटे बोलत नाहीत, भावनेवर कारखाने चालत नाहीत. दोघांनाही टाळ्या पडल्या. मग चहा झाला. त्या तासाभरात पंचांग उघडून पाहायचे मात्र कोणालाही सुचले नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 2023 साली 19 सप्टेंबरला होती, 2024 साली 7 सप्टेंबरला आणि 2025 साली 27 ऑगस्टला. गैरहजेरी वाढली नव्हती, सरकली होती. सॉफ्टवेअरला जानेवारी ते डिसेंबर माहीत. भाद्रपद त्याला कोणी सांगितलाच नव्हता. मूळ घरी जाऊन गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधणाऱ्या माणसाची रजा, जिची तारीख वर्षभर आधी छापलेली असते, ती त्या तक्त्यात 'अनपेक्षित गैरहजेरी' म्हणून नोंदली गेली होती.

'यंत्र की माणूस' असा हा वाद चालला आहे, आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी पेटला आहे. आकडे वापरावेत, मी तर म्हणेन, आजच्यापेक्षा जास्त वापरावेत. माझा आग्रह एकाच अटीचा आहे. ज्या माणसाविषयी आकडा काढला, तो त्याला दिसला पाहिजे, तो कशावरून निघाला हे त्याला कळले पाहिजे आणि निर्णय होण्याआधी त्याला त्यावर बोलता आले पाहिजे. ही अट पाळली तर परवाचा तक्ता पाच मिनिटांत दुरुस्त झाला असता. पॅकिंग खात्यातल्या कोणीही सांगितले असते की बाबा रे, त्या आठवड्यात चवथ होती.

आता यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे. त्यात पुष्कळ खरे आहे, आणि ते मान्य करताना मला थोडी लाजही वाटते, कारण मी स्वतः सत्तावीस वर्षे या खात्यात काढली. तेव्हा त्याला 'एचआर' म्हणत नसत, 'पर्सनल' म्हणत. आमच्याकडे संगणक नव्हता म्हणून आम्ही न्यायाने वागत होतो काय? मुलाखतीचा पहिला प्रश्न असायचा, 'खंयचो तूं?' म्हणजे तू कुठला? गाव कळला की वाडा, वाडा कळला की आडनाव, आडनाव कळले की बाकीचे सगळे विचारण्याआधीच कळलेले असायचे. मग कोणाचा तरी फोन आलेला असायचा. आज जे 'माणुसकी' म्हणून जुन्या पद्धतीचे गोडवे गातात, त्यांना त्या माणुसकीचा लाभ मिळाला असावा असा मला दाट संशय आहे. ज्यांना वशिला नव्हता त्यांना विचारा. सरकारी नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणे 2024 च्या अखेरीस एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. कर्मचारी निवड आयोगाचा कायदा गोव्याने 2019 मध्ये केला आणि संगणकावरची परीक्षा आणली, ती काही हौसेपोटी नव्हे. डिचोलीच्या एखाद्या रिक्षावाल्याच्या मुलीला माणसाच्या नजरेपेक्षा यंत्राने मोजलेले गुण जास्त भरवशाचे वाटले, तर तिला तंत्रज्ञानाची भाबडी भक्त म्हणायचा मला तरी धीर होत नाही.

आकड्यांनी वरच्यांचे पितळ उघडे पाडल्याचीही उदाहरणे आहेत. गुगलमध्ये 2008 च्या सुमारास 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' सुरू झाला, तेव्हा व्यवस्थापकांमुळे काही फरक पडतो का, अशीच शंका होती. उत्तर निघाले की पडतो. आणि चांगल्या व्यवस्थापकाच्या गुणांत तांत्रिक हुशारी पहिल्या जागी नव्हती, हाताखालच्याला शिकवत पुढे नेण्याची हातोटी होती. ब्रिटनने 2017 पासून अडीचशे किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत जाहीर करायला लावली. तिथे आकडा मालकाचा होता, आणि तो वाचत होते सगळे. या दोन्ही ठिकाणी भिंग वरच्या दिशेने धरले होते. तक्त्यात कोण आहे आणि तक्ता कोणाच्या हातात आहे, यावर सगळा खेळ फिरतो.

पण वशिल्यावर उतारा म्हणून यंत्राकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्र शिकते ते आपल्याच जुन्या फायलींतून. अ‍ॅमेझॉनने अर्ज छाननीचे असे एक यंत्र बनवले होते. दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर ते शिकले, आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. म्हणून अर्जात 'महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार' असे काही दिसले की ते गुण कापू लागले. कंपनीने ते मोडीत काढले, आणि 2018 मध्ये ही बातमी जगाला कळली. आता हेच गोव्यात आणून पाहा. यंत्र आडनाव विचारणार नाही, हे खरे. ते पिनकोड विचारेल. साष्टी तालुक्याचा पिनकोड आणि सत्तरी तालुक्याचा पिनकोड यांतून काय काय कळते, हे गोव्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पूर्वी 'खंयचो तूं?' हे निदान तोंडावर विचारायचे. उमेदवार मनातल्या मनात शिवी तरी देऊ शकत होता.

एक माझ्याच हातची चूक सांगतो. दक्षिण गोव्यातल्या एका कारखान्यात होतो. तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापायची, हा नियम. कापणारा मी. एका वर्षी मी हौसेने हजेरीचे गणित मांडले. तेव्हा ते हाताने, आखलेल्या कागदावर करावे लागे. त्यात दिसले की पॅकिंगमधल्या बायकांचे लेट मार्क पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मी वर टिपण पाठवले: महिला कामगारांत वक्तशीरपणा कमी, घरकामामुळे असावे. 'असावे' हा शब्द तेवढा माझा. बाकी सगळे आकडे अचूक. चार महिने रजा कापल्या. पंचिंगचा कागद दर सोमवारी नोटीस बोर्डावर लावायचा तिथे जुना रिवाज होता, माझ्या आधीपासूनचा. सत्तरीकडून येणारी एक बाई एकदा तो कागद आणि ड्रायव्हरकडची बसची नोंद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. भांडली नाही. म्हणाली, 'सायबा, बशीचो वेळ पळयात, मागीर म्हजो पळयात.' (आधी बसची वेळ बघा, मग माझी.) बस फाटकात सहा चाळीसला पोहोचलेली, तिचे पंचिंग सात आठला. मधली अठ्ठावीस मिनिटे गेली कुठे? काडेपेटी, मोबाइल आत जाऊ नये म्हणून फाटकावर झडती व्हायची. पुरुषांसाठी तीन गार्ड, बायकांसाठी एक. आणि पंचिंगचे यंत्र झडतीच्या पलीकडे. दुसऱ्या महिन्यात आणखी एक लेडी गार्ड आली आणि पॅकिंगचा 'वक्तशीरपणा' एका आठवड्यात सुधारला.

आकडा चुकला नव्हता. चुकलो होतो मी, आणि ती चूक कळली ती केवळ कागद बोर्डावर होता म्हणून. आज तोच आकडा एखाद्या सर्व्हरवर पडून राहिला असता, त्यातून त्या बाईच्या नावापुढे एक गुणांक चिकटला असता आणि कंत्राट संपल्यावर तिला 'पुढे गरज नाही' एवढेच कळले असते. माझे 'असावे' आता प्रोग्रॅममध्ये शिरलेले आहे; तिथे ते कोणाला दिसत नाही.

हे काही आजचे नाही. फ्रेडरिक टेलरने स्टॉपवॉच हातात घेऊन कामगारांच्या हालचाली मोजल्या, 1911 मध्ये 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरचे आपले पुस्तक काढले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्यांनी संप केला. एकाने घड्याळासमोर काम करायला नकार दिला, त्याला काढले, बाकीचे उठून बाहेर आले. पुढे तिथल्या संसदेने चौकशी केली आणि शस्त्रागारांत स्टॉपवॉचवर बंदी आली. ते लोक मेहनतीला भीत होते, असे टेलरपंथी म्हणत राहिले. मला वाटते, आपल्या कामाचे माप आपल्याला न विचारता, आपल्या कामात कधी हात न घातलेल्या माणसाने ठरवावे, याचा तो राग होता. मोजमापाला त्यांचा विरोध असायचे कारण नव्हते. ओतकाम करणारा माणूस दिवसभर मोजतच असतो.

आपल्याकडे तर याहून जुना दाखला आहे. 1526 मध्ये पोर्तुगीजांच्या महसुलाचा प्रमुख अफोन्सो मेशिया याने तिसवाडीतल्या गावकारींचे, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांचे, रीतिरिवाज लिहून काढले. तोच तो 'फोराल'. लिहिले ते महसूल बिनबोभाट यावा म्हणून, गावकारांवरच्या प्रेमाने नव्हे. पण एकदा पांढऱ्यावर काळे झाले आणि ते दोन्ही पक्षांना दाखवता येऊ लागले, की तोच कागद गावकारांच्याही कामाचा झाला. गावकारीच्या हक्कांची गोष्ट निघाली की अजूनही त्याचा हवाला दिला जातो. मेशियाने तो कागद पेटीत बंद ठेवला असता तर? आजच्या कंपन्या करतात ते नेमके हेच, आणि पेटीला 'डॅशबोर्ड' म्हणतात.

आता एक विसंगती बघा, जी मला कित्येक वर्षे छळते आहे. कारखान्यातून तांब्याची तार चोरताना पकडलेल्या कामगारालाही चार्जशीट द्यावी लागते. 1946 च्या स्थायी आदेशांच्या (कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या लेखी नियमांच्या) कायद्याखालचे नमुना आदेश हेच सांगत आले: आरोप लेखी कळवा, खुलासा मागा, त्याचे म्हणणे ऐका, मग शिक्षा. अंतर्गत चौकशीत तो आपला सहकारी सोबत आणू शकतो. चोराला एवढे! आणि ज्याने काहीच केले नाही, केवळ यंत्राने ज्याला 'सोडून जाण्याची शक्यता जास्त' ठरवले, म्हणून ज्याला प्रशिक्षणाला पाठवले नाही, त्याला काय मिळते? एक ओळही नाही. आपल्यावर आरोप आहे हेच त्याला ठाऊक नसते. शिवाय औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. गोव्यातले किती कारखाने, किती हॉटेले तीनशेच्या वर आहेत, हे ज्याने त्याने आपल्या परिसरात मोजावे.

कोणी म्हणेल, मूल्यमापन हा कंपनीचा अंतर्गत, गोपनीय मामला आहे. सरकारही हेच म्हणायचे. देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले अभियंता होते. 1993-94 च्या त्यांच्या गोपनीय अहवालात शेरा होता 'चांगला'. वाईट नव्हे, चांगला! पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता. त्यांना तो शेरा कधी कळवलाच नव्हता, आणि बढती गेली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेरा वाईट असो वा चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. 2013 मध्ये मोठ्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. (सैन्यदलांना त्यातून वगळले होते; ते ठीक.) त्या निकालाची बातमी वाचली तेव्हा मला माझीच एक फाइल आठवली. युनियनच्या एका माणसाशी माझी शाब्दिक चकमक झाली होती आणि त्याच्या अहवालात मी 'वर्तणूक समाधानकारक नाही' असे ठोकून दिले होते. तो निवृत्त होईपर्यंत त्याला ते कळले नाही. सरकारी कारकुनाचा शेरा जर झाकून ठेवता येत नाही, तर खासगी कंपनीचा गुणांक कोणत्या तत्त्वाने झाकायचा? पहिला माणूस लिहितो आणि दुसरा यंत्र लिहिते, एवढाच फरक ना?

कायद्याकडे पाहावे तर तिथे मोठे भगदाड आहे, आणि त्याविषयी परिसंवादात चकार शब्द निघाला नाही. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. पण त्याच्या कलम 7 प्रमाणे नोकरीच्या कारणासाठी मालक कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरू शकतो. एवढ्यावर माझी तक्रार नाही. पगार काढायला दरवेळी सही कोण घेत बसणार? खरी मेख पुढे आहे. आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क कलम 11 आणि 12 मध्ये दिला आहे, तो ज्यांनी संमती दिली त्यांच्यापुरता. म्हणजे जिथे संमती विचारलीच नाही, तिथे बघण्याचाही हक्क नाही. निर्णयासाठी वापरलेली माहिती अचूक ठेवायची जबाबदारी मालकावर आहे, तक्रारीची सोयही आहे; पण जो आकडा डोळ्यांनी पाहिलाच नाही, तो चुकीचा आहे अशी तक्रार कोण कशी करणार? फ्रान्समध्ये काय झाले ते पाहा. अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत कामगाराच्या हातातला स्कॅनर दहा मिनिटे थांबला की नोंद, दोन वस्तू सव्वा सेकंदाच्या आत स्कॅन केल्या तरी नोंद. तिथल्या नियामकाने 3 कोटी 20 लाख युरोंचा दंड ठोकला, आणि जानेवारी 2024 मध्ये तो जाहीर झाला. आपल्याकडे अशा नोंदी असल्याच तर त्या बाहेर याव्यात कशा?

व्यवस्थापनाचा सगळ्यात दमदार आक्षेप असा की आकडे दाखवले तर लोक आकड्यांशी खेळतील. गुणांक कशावरून बनतो हे कळले की तेवढेच करून दाखवतील. हे खोटे नाही. पण झाकून ठेवल्याने खेळ थांबतो का? खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाल्यांना पैसे खेपेवर मिळायचे. उसगाव-कुडचडे पट्ट्यातल्या माणसाला विचारा, त्या एका आकड्यापायी, जास्त खेपा मारायच्या घाईत, रस्त्यांवर काय काय घडले. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकामागे जास्तीत जास्त खाती उघडण्याचे लक्ष्य दिले. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न सांगता खोटी खाती उघडली. 2016 मध्ये ते उजेडात आले तेव्हा सुमारे 5,300 जणांना घरी पाठवल्याचे बँकेने कबूल केले होते. खेळ सुरू होतो तो आकड्यावर पोट अवलंबून ठेवल्याने. खाणीच्या मुनिमाला आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याला लक्ष्य वेडगळ आहे हे रोज दिसत होते, पण ते वर सांगायची वाट नव्हती. ती वाट म्हणजेच माझी अट.

खर्चाचा मुद्दा मी दोन वाक्यांत सोडतो. ज्या कंपनीला प्रत्येक कर्मचाऱ्याचा गुणांक काढायला पैसे आहेत, तिला तो त्याच्या मोबाइलवर पाठवायलाही परवडतो. पगाराची स्लिप पाठवतातच की.

आणि कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांना एक विनंती. 'आम्हाला आकडे नकोत' ही मागणी सोडा. आकडे मागा. कोणत्या खात्यातून माणसे पटापट सोडून जातात, ते मागा. म्हणजे माणसे नोकरी सोडतात की तिथल्या साहेबाला सोडतात, ते कळेल. हॉटेलात मोसमात सलग किती दिवस 'ब्रेक शिफ्ट', म्हणजे मध्ये खंड पाडून दोन तुकड्यांत केलेली पाळी, लावली, ते मागा. एकाच कामाला कायम कामगाराला किती आणि कंत्राटीला किती, ते मागा. पाहुण्याने दिलेला एक तारा रूमबॉयच्या नावावर जातो तेव्हा त्या दिवशी एसी बंद होता का, हे त्याच रकान्यात लिहून मागा. 'सुशेगाद' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'सोसेगादो'वरून आला, त्याचा अर्थ निवांत, शांत. तो आळशी या अर्थाने कोणी वापरू लागला तर त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल, आणि ते आकडे आपल्या हातात हवेत.

परवाच्या त्या तरुण अधिकाऱ्याला मी चहाच्या वेळी गाठून चवथीच्या तारखा सांगितल्या. चांगला मुलगा आहे, लगेच मोबाइलवर पडताळून पाहिल्या आणि खजील झाला. तक्ता दुरुस्त करतो म्हणाला, करेलही. पण तसे तक्ते आणखी किती कार्यालयांत लागले असतील, आणि तिथे चहाला कोणी म्हातारा असेलच असे नाही. यंदा चवथ 14 सप्टेंबरला आहे. ऑगस्टचा खांब एकदम खाली येईल, आणि गैरहजेरी आटोक्यात आणल्याबद्दल कोणा साहेबाला त्याच्या अप्रेझलमध्ये गुण मिळतील.